सत्तेकडे पाहण्याची रीत : अरुण साधूंच्या राजकीय कादंबऱ्या आणि मुंबईच्या उपनगरांतील वाचक

प्रस्तावना

१

राज्यसंस्थेविषयीचे लोकमत कशाकशाने घडते याचा विचार करताना अभ्यासक सहसा वृत्तपत्रे, पक्षांचा प्रचार, जाहीर सभा आणि अलीकडच्या काळात दूरचित्रवाणी यांची नावे घेतात. कादंबरीचे नाव या यादीत क्वचित येते, आणि आले तरी शोभेपुरते येते. मराठीच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष खटकणारी आहे. मुख्यमंत्री आपल्या दालनात कोणत्या दडपणाखाली वावरतो, मंत्रिमंडळ कशावर टिकते व कशाने कोसळते, आमदारांचा गट कसा जमतो आणि कसा फुटतो, यासंबंधी सामान्य मराठी माणसाच्या मनात आज जे चित्र आहे त्याच्या ठळक रेषा मुख्यतः एका कादंबरीकाराने ओढलेल्या आहेत. अरुण साधू (१९४१–२०१७) हे ते कादंबरीकार, आणि ‘मुंबई दिनांक’ व ‘सिंहासन’ या त्या रेषा ओढणाऱ्या दोन कादंबऱ्या होत.

या दोन कादंबऱ्यांनी, आणि त्यांवर आधारलेल्या १९७९ सालच्या ‘सिंहासन’ या चित्रपटाने, शासनसत्तेविषयीची मराठी समजूत कशी बदलली हा प्रस्तुत विषय आहे. तो मांडताना मुंबईच्या उपनगरांतील, म्हणजे अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या पट्ट्यातील वाचक मध्यभागी ठेवला आहे. कारण हा वाचक सत्तेच्या केंद्रापासून एका लोकलच्या अंतरावर राहत आलेला आहे, त्या केंद्राच्या कचेऱ्यांत कारकून, लघुलेखक किंवा अधिकारी म्हणून तोच राबत आलेला आहे, आणि तरीही ते केंद्र चालते कसे हे त्याला फार काळ उमगलेले नव्हते.

‘राजकीय कादंबरी’ ही संज्ञा येथे मर्यादित अर्थाने वापरली आहे. जिच्या पार्श्वभूमीला राजकीय घटना आहेत अशी प्रत्येक कादंबरी राजकीय ठरत नाही. जिच्यात सत्ता मिळवणे, टिकवणे आणि वाटून घेणे हाच कथानकाचा गाभा असतो, आणि पात्रांचे खासगी आयुष्यही त्याच गाभ्याभोवती वळण घेते, तिला राजकीय कादंबरी म्हटले आहे. साधूंच्या कादंबऱ्या या अर्थाने पुरेपूर राजकीय आहेत.

२

साधूंच्या आधी मराठी साहित्याने सत्तेचा विचार केला नव्हता असे नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ हे नाटक १९०७ साली रंगभूमीवर आले, प्रेक्षकांनी त्यातील कीचकात लॉर्ड कर्झनला ओळखले, आणि सरकारनेही ते ओळखल्यामुळे १९१० साली त्या नाटकावर बंदी आली. मामा वरेरकरांनी ‘सत्तेचे गुलाम’ या नाटकात आणि गिरणगावाचे चित्र रेखाटणाऱ्या ‘धावता धोटा’ या कादंबरीत सत्ता आणि संपत्ती यांचे साटेलोटे दाखविले; ग. त्र्यं. माडखोलकरांच्या ‘मुक्तात्मा’पासून कादंबरीच्या नायकाला राजकीय मते असू लागली. मात्र या साऱ्या लेखनातील सत्ता परकी होती, किंवा निदान समोरच्या बाजूला उभी होती. तिच्याशी झगडायचे होते, तिला उघडे पाडायचे होते. तिच्या आतल्या रचनेविषयी कुतूहल बाळगण्याची निकड लेखकाला वाटत नव्हती, कारण ती रचना एक दिवस उखडली जाणार हे गृहीतच होते.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि सत्ता पहिल्यांदाच सर्वार्थाने मराठी बोलू लागली. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या, सहकारी साखर कारखान्यांचे जाळे पसरले, आणि कारखाना, जिल्हा मध्यवर्ती बँक, शिक्षणसंस्था व जिल्हा परिषद या चार खांबांवर उभे असलेले नवे ग्रामीण नेतृत्व मुंबईतील सचिवालयाच्या पायऱ्या चढू लागले. प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला तेव्हा शेतकऱ्याने भांडवलदार व्हावे ही त्यामागची उदात्त प्रेरणा होती. दोन दशकांनंतर त्याच चळवळीतून ‘साखरसम्राट’ हा शब्द जन्माला आला, आणि मुख्यमंत्री कोण व्हावा या प्रश्नाशी उसाच्या राजकारणाचा थेट संबंध जुळला. हे सारे वृत्तपत्रांतून रोज छापून येत होते, पण सुट्या बातम्यांच्या रूपाने. या बातम्यांना एका सूत्रात ओवून दाखविणारे मराठी लेखन अजून व्हायचे होते.

१९७२ हे साल या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी महाराष्ट्रात भीषण दुष्काळ होता आणि शहरांत महागाईने लोक त्रासले होते. त्याच वर्षी ‘दलित पँथर’ची स्थापना झाली, नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ प्रसिद्ध झाला, आणि डिसेंबरमध्ये विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ पुण्यात रंगमंचावर आले. सत्ता स्वतःच्या सोयीसाठी एखाद्या घाशीरामाला कशी घडवते आणि काम संपल्यावर त्याचा बळी कसा देते, हे तेंडुलकरांनी पेशवाईच्या आवरणाखाली दाखविले. साधूंनी साधारण त्याच सुमारास आवरण बाजूला सारून वर्तमानकाळालाच हात घातला.

३

अरुण साधू मूळचे अमरावती जिल्ह्यातील परतवाड्याचे. त्यांची पत्रकारिता पुण्यात ‘केसरी’सारख्या पत्रात आणि पुढे मुंबईत इंग्रजी दैनिकांत घडली. ‘इंडियन एक्स्प्रेस’, ‘टाइम्स ऑफ इंडिया’, ‘स्टेट्समन’ या वृत्तपत्रांसाठी त्यांनी काम केले आणि ‘फ्री प्रेस जर्नल’चे ते संपादक होते, नंतर पुणे विद्यापीठाच्या वृत्तपत्रविद्या विभागाचे प्रमुखपद त्यांनी सांभाळले, आणि २००७ साली नागपूरच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. पोटापाण्याचे लेखन बरेचसे इंग्रजीत आणि कादंबरी मात्र मराठीत, ही त्यांची विभागणी अर्थपूर्ण आहे. राजकीय वार्ताहराला जे ठाऊक असते त्यातले थोडेच बातमीत येते. नाव घेता येत नाही, पुरावा हाती नसतो, किंवा जे कळले ते ‘घटना’ या सदरात बसतच नाही. सत्तेच्या दालनांत टिपलेले आणि बातमीत न मावलेले हे शिल्लक ज्ञान साधूंनी मराठी कादंबरीच्या स्वाधीन केले.

‘मुंबई दिनांक’ ही कादंबरी १९७०च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत प्रसिद्ध झाली आणि ‘सिंहासन’ १९७७ साली. दोन्ही कादंबऱ्यांत मुंबई ही केवळ पार्श्वभूमी नाही. राज्याची राजधानी, देशाची आर्थिक राजधानी, कामगारांचे शहर आणि चोरट्या आयातीचे बंदर या चारही नात्यांनी ती कथानकात सामील आहे, आणि म्हणूनच मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे, अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे, कामगारपुढारी डिकास्टा आणि पत्रकार दिगू टिपणीस ही माणसे एकमेकांपासून दूर राहूच शकत नाहीत. मुख्यमंत्र्यांविरुद्ध त्यांच्याच मंत्रिमंडळात कट शिजतो आहे आणि अर्थमंत्र्यांची नजर त्यांच्या खुर्चीवर आहे, एवढेच ‘सिंहासन’चे सूत्र सांगितले तर ती एक सामान्य कारस्थानकथा वाटेल. तिचे वेगळेपण असे की कटात कोण आहे यापेक्षा कट कोणत्या द्रव्यांतून तयार होतो हे ती बारकाईने दाखविते.

ही द्रव्ये नीट पाहण्यासारखी आहेत. पहिले द्रव्य ‘गट’ हे होय. बहुमतातील पक्ष बाहेरून एकसंध दिसतो, परंतु आतून तो जिल्हे, जाती आणि नेते यांच्याभोवती जमलेल्या आमदारांच्या गटांचा समुच्चय असतो; ज्यांना मंत्रिपद वा महामंडळ मिळालेले नसते ते ‘असंतुष्ट’, आणि मुख्यमंत्र्याची कला म्हणजे असंतुष्टांची संख्या एका विशिष्ट मर्यादेपलीकडे जाऊ न देणे. दुसरे द्रव्य ‘पक्षश्रेष्ठी’, म्हणजे दिल्लीतील नेतृत्व. राज्यातील बेरीज कितीही पक्की असली तरी तिच्यावर दिल्लीची मोहोर लागल्याशिवाय ती बेरीज ठरत नाही. तिसरे द्रव्य ‘लॉबी’, म्हणजे एखाद्या धंद्याच्या हितसंबंधांची सरकारदरबारी वकिली करणारा, बहुधा पक्षभेद न मानणारा समूह. चौथे द्रव्य रस्त्यावरची शक्ती. संप सरकारला जेरीस आणू शकतो, आणि नेमक्या वेळी घडला किंवा मिटला तर तोच सरकारला वाचवूही शकतो. पाचवे द्रव्य म्हणजे स्वतः वृत्तपत्रे, कारण सत्ताधाऱ्याच्या आजारपणाची वा नाराजीची नुसती कुजबुजही आमदारांची मने हलवण्यास पुरेशी असते.

यांच्या जोडीला साधूंच्या कादंबऱ्यांत एक शांत, चिवट शक्ती सतत जाणवते, ती म्हणजे नोकरशाही. सरकारी कामकाजात ज्या फायलीला ‘नस्ती’ म्हणतात ती सहायकाच्या टेबलावर उघडते, तेथून कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव आणि सचिव अशा पायऱ्या चढत मंत्र्यापर्यंत पोहोचते, आणि प्रत्येक पायरीवर तिच्यावर एक टिपणी चढते. वरवर पाहता निर्णय मंत्र्याच्या सहीने होतो. पण ती सही कोणत्या टिपणीखाली झाली, नस्ती कोणत्या टेबलावर किती दिवस पडून राहिली, ‘चर्चा करावी’ असा शेरा कोणाच्या सांगण्यावरून आला, यांतच त्या निर्णयाचे खरे चरित्र दडलेले असते. विधानसभेतले भाषण म्हणजे राजकारण असे मानणाऱ्या वाचकाला राजकारणाची ही अंतर्गत वाट दाखवणे ही साधूंची मोठी कामगिरी आहे.

या सर्वांतून जी जाणीव निघाली ती एका वाक्यात अशी मांडता येईल : सत्ता ही कुणा एका माणसाची मालमत्ता नसून अनेकांमध्ये सतत चाललेला व्यवहार आहे. तोवरची मराठी समजूत राज्यकर्त्याच्या चारित्र्यापाशी थांबत असे; राजा चांगला तर राज्य चांगले, पुढारी भ्रष्ट तर राज्य भ्रष्ट. साधूंचे मुख्यमंत्री ना संत आहेत ना खलपुरुष. ते हुशार, थकलेले, भित्रे, क्वचित उदार आणि बहुतेक वेळा अडकलेले आहेत. असा माणूस खुर्चीवर बसवून साधूंनी वाचकाची नजर खुर्चीकडे वळविली, आणि कोणीही बसले तरी ही खुर्ची त्याच्याकडून काय काय करवून घेईल असा प्रश्न त्याच्या मनात उभा केला.

४

हा प्रश्न उपनगरांतील वाचकाला इतका का भिडला असावा, याचे उत्तर उपनगरांच्या घडणीत शोधावे लागते. बृहन्मुंबईची हद्द १९५० साली जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आणि १९५७ साली दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली. गिरगाव, परळ, दादरच्या चाळींतली मराठी कुटुंबे जागेच्या ओढीने उत्तरेकडे सरकली. सहकारी गृहनिर्माण संस्था उभ्या राहिल्या, गृहनिर्माण मंडळाच्या वसाहती झाल्या, वांद्र्याच्या पूर्वेला सरकारी कर्मचाऱ्यांची मोठी वसाहत वसली, आणि विक्रोळीच्या वसाहतीला तर मुख्यमंत्री कन्नमवारांचेच नाव मिळाले. या कुटुंबांचा दिवस सरकारशी व्यवहार करीत उजाडत असे. आरे दूध केंद्रावर कार्ड दाखवून बाटल्या घ्यायच्या, शिधावाटप दुकानात साखर आणि रॉकेलसाठी रांग लावायची, नळाला पाणी येण्याची वेळ सांभाळायची, आणि मग बोरिवलीहून चर्चगेटची किंवा मुलुंडहून व्ही.टी.ची गाडी पकडून अनेकांनी पुन्हा सरकारच्याच कचेरीत जायचे. सरकार या माणसाला खिडकीतून दिसत होते. खिडकीमागच्या खोलीत काय चालते याचा त्याला पत्ता नव्हता.

शिध्याच्या साखरेचेच उदाहरण घ्यावे. त्या काळी साखर कारखान्यांना आपल्या उत्पादनाचा ठरावीक हिस्सा सरकारने ठरविलेल्या भावाने द्यावा लागे. या साखरेला ‘लेव्ही साखर’ म्हणत, आणि घाटकोपरच्या शिधावाटप दुकानात कार्डावर मिळणारी साखर ती हीच. उरलेली साखर खुल्या बाजारात चढ्या भावाने विकता येई. लेव्हीचा हिस्सा किती असावा, भाव काय असावा, साखर बाजारात केव्हा सोडावी, यावरून कारखानदार आणि सरकार यांच्यात अखंड ओढाताण चाले, आणि या ओढाताणीत ज्यांचे वजन पडे त्यांतले अनेक जण स्वतःच आमदार किंवा मंत्री असत. रांगेतल्या गृहिणीला यातला शेवटचा टप्पाच दिसे : दुकानदार म्हणे, साखर आलेली नाही. साखर का आली नाही याचा धागा रांगेतून सुरू होऊन मंत्रिमंडळाच्या बैठकीपर्यंत जातो, हे समजण्यासाठी जी दृष्टी लागते ती राजकीय कादंबरी देऊ शकते, आणि साधूंच्या कादंबऱ्यांनी ती दिली.

कामगारवस्तीतही हीच गोष्ट वेगळ्या अंगाने खरी होती. १९६०-७०च्या दशकांत मुलुंड, भांडुप, विक्रोळीच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर, अंधेरीच्या मरोळ औद्योगिक वसाहतीत आणि १९७३ साली स्थापन झालेल्या सीप्झ या निर्यात क्षेत्रात नवे कारखाने उभे राहत होते. घाटकोपरच्या पंतनगरात डॉक्टरी करणारे दत्ता सामंत खाणकामगारांची दुखणी तपासता तपासता त्यांच्या लढ्याचे पुढारी झाले, आणि १९८२च्या गिरणी संपापर्यंत त्यांच्या नावाभोवती लाखो कामगार गोळा झाले. पुढारी, मालक आणि सरकार यांच्या त्रिकोणात कामगाराच्या संपाचे नेमके काय होते, हा ‘सिंहासन’मधील डिकास्टाच्या निमित्ताने उभा राहणारा प्रश्न या वस्त्यांतील वाचकाला पुस्तकी वाटणे शक्यच नव्हते.

वाचनाची व्यवस्थाही उपनगरांत तयार होत होती. विलेपार्ल्याचा १९२३ साली स्थापन झालेला लोकमान्य सेवा संघ, मुलुंडचा महाराष्ट्र सेवा संघ यांसारख्या संस्थांची ग्रंथालये, गल्लोगल्लीची खासगी वाचनालये, दिवाळी अंकांच्या योजना, आणि १९७०च्या दशकाच्या मध्यास दिनकर गांगल, अरुण साधू प्रभृतींनी सुरू केलेली ‘ग्रंथाली’ ही वाचक चळवळ, यांमुळे पुस्तक हे चैनीची वस्तू न राहता महिन्याच्या हिशेबात बसू लागले. त्यातच लोकलचा रोजचा तासाभराचा प्रवास. एकाने घेतलेले वर्तमानपत्र डब्यातल्या चौघांनी वाचायचे आणि मथळ्यावर चर्चा करीत दादर गाठायचे, ही उपनगरी माणसाची जुनी रीत. साधूंच्या कादंबऱ्या वाचलेल्या माणसाच्या चर्चेत मथळ्यामागे काय घडले असावे याचा अंदाज बांधण्याची एक नवी सवय आली.

५

जब्बार पटेल दिग्दर्शित ‘सिंहासन’ने ही सवय वाचकवर्गाबाहेर नेली. पटेल आणि तेंडुलकर यांनी ‘सामना’त साखरसम्राटाच्या गावातील अनिर्बंध सत्ता आधीच दाखवली होती, आणि तो चित्रपट १९७५च्या बर्लिन महोत्सवात पोहोचला होता, ‘सिंहासन’मध्ये ते त्या सत्तेच्या मागोमाग मुंबईत आले. दोन्ही कादंबऱ्या एकत्र करून तेंडुलकरांनी पटकथा लिहिली. अरुण सरनाईक मुख्यमंत्री झाले, डॉ. श्रीराम लागू अर्थमंत्री, सतीश दुभाषी कामगारपुढारी आणि निळू फुले दिगू टिपणीस. खलनायकी भूमिकांसाठी गाजलेल्या निळू फुल्यांना येथे सर्व काही पाहणारा, सर्वांच्या घरी चहा पिणारा आणि काहीच बदलू न शकणारा पत्रकार दिला गेला. ते बोलतात थोडे. ऐकताना डोळे किंचित बारीक करतात, आणि समोरच्या पुढाऱ्याचे वाक्य संपण्याआधीच त्यातले खोटे त्यांना कळलेले असते हे प्रेक्षकाला समजते. चित्रपटाच्या अखेरीस हाच दिगू भर रस्त्यात हसत सुटतो, आणि त्या हसण्याला वेडाची कड असते. कारण ज्याला सगळे कळते त्याच्या कळण्याला काहीच किंमत नाही, हे सत्य त्याच्याने पेलवत नाही.

या चित्रपटाचा काळ त्याच्या परिणामाला पोषक ठरला. कादंबरी आली त्या १९७७ सालीच आणीबाणी उठली होती. जून १९७५ ते मार्च १९७७ या काळात शासनसत्तेचे उघडे रूप लोकांनी अनुभवले होते. जुलै १९७८ मध्ये वसंतदादा पाटलांचे सरकार त्यांच्याच मंत्रिमंडळातून फुटून निघालेल्या गटाने पाडले आणि शरद पवार पुरोगामी लोकशाही दलाचे, म्हणजे ‘पुलोद’चे, मुख्यमंत्री झाले. मंत्रिमंडळातल्या मंत्रिमंडळात शिजणारा कट कादंबरीत आधी आला आणि इतिहासात नंतर. पुढे चित्रपटासाठी मंत्रालयात चित्रीकरण करण्यास परवानगी दिली तीही मुख्यमंत्री पवार यांनीच. सत्तेविषयी परखड बोलणाऱ्या कलाकृतीला सत्तेने स्वतःची दालने उघडून द्यावीत, ही महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातील एक निरोगी घटना म्हणून नोंदवली पाहिजे.

त्यानंतरच्या प्रत्येक सत्तांतराला कादंबरीने आणि चित्रपटाने घडविलेली भाषा तयारच मिळाली. १९८१ साली मुख्यमंत्री अंतुले यांच्या प्रतिष्ठानांना मिळालेल्या देणग्या आणि सिमेंटचे वाटप यांचा संबंध ‘इंडियन एक्स्प्रेस’ने उघड केला आणि उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर जानेवारी १९८२ मध्ये त्यांना पायउतार व्हावे लागले, तेव्हा परवाना आणि देणगी यांच्यातला धागा ओळखण्यास मराठी वाचक आधीच सरावलेला होता. १९८५ साली पक्षांतरबंदीचा कायदा आला आणि गट फोडण्याचे गणित बदलले. पण नोव्हेंबर २०१९ मधील पहाटेचा शपथविधी असो वा जून २०२२ मधील सत्तापालट, प्रत्येक वेळी लेखांतून आणि गप्पांतून ‘सिंहासन’ची आठवण निघालीच. राजकीय वार्ताहराला ‘दिगू टिपणीस’ म्हणणे तर मराठी बोलण्याच्या अंगवळणी पडले आहे.

६

एवढा प्रभाव मान्य केल्यावर त्याची दुसरी बाजू तपासणे हे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते. सत्ता हा व्यवहार आहे ही शिकवण दोन प्रकारे घेता येते. व्यवहार आहे म्हणजे त्यात आपलाही हिस्सा असू शकतो, त्याच्या अटी बदलता येतात, असा एक अर्थ. आणि व्यवहारच आहे, त्यामुळे त्यात काही बदलणार नाही, असा दुसरा. मराठी मध्यमवर्गाने पुष्कळदा हा दुसरा अर्थ उचलला. ‘राजकारण हे असेच असते’ हे वाक्य जाणतेपणाचे लक्षण मानले जाऊ लागले; मतदानाच्या दिवशी घरी बसणारा माणूसही सत्तेची अंतर्गत गणिते फडाफड सांगू लागला. दिगू टिपणिसाची शोकांतिका लेखकाने इशारा म्हणून लिहिली होती, आणि वाचकाने तिच्यात स्वतःसाठी सबब शोधली.

याला काही प्रमाणात साधूंच्या कादंबरीची रचनाही कारण आहे. तिचा दृष्टिकोन मुख्यतः वरच्या मजल्यावरचा आहे. सत्तेचे दालन, पत्रकार कक्ष, पुढाऱ्याचा बंगला येथून ती शहराकडे पाहते, आणि तेथून संघटित सामान्य नागरिक ठळक दिसत नाही. नेमक्या त्याच वर्षांत उपनगरांत मात्र तो उभा होता. गोरेगावच्या मृणाल गोरे १९६१ साली महापालिकेवर निवडून आल्या आणि वस्त्यांच्या पाण्यासाठी त्यांनी असा लढा दिला की ‘पाणीवाली बाई’ हेच त्यांचे नाव झाले. १९७२ साली त्यांनी अहिल्या रांगणेकरांसारख्या डाव्या नेत्यांबरोबर महागाईविरोधात स्त्रियांची संयुक्त समिती उभारली, आणि हातात लाटणी घेतलेल्या, शिध्याच्या रांगा सोडून आलेल्या बायकांचे मोर्चे सरकारच्या दारी धडकले. आणीबाणीत तुरुंगवास भोगून त्या १९७७ साली उत्तर मुंबईतून लोकसभेवर गेल्या. नळ, साखर आणि रॉकेल या सरकारच्या खिडकीवरच्या गोष्टींवरूनच सरकारला जाब विचारता येतो, हे या स्त्रियांनी दाखविले. आणि शासनसत्तेचे जे आकलन कादंबरी देते, त्याची उरलेली अर्धी बाजू त्यांच्या कृतीत आहे.

तरीही साधूंवर केवळ वरच्या मजल्याचा ठपका ठेवणे अन्यायाचे होईल. रेल्वे स्थानकांवर बूटपॉलिश करणाऱ्या पोरांचे जग ‘झिपऱ्या’त त्यांनीच उभे केले, आणि उपनगरी फलाटावरून रोज जाणाऱ्या वाचकाला, आपल्या पायाशी बसलेल्या मुलाच्या लेखी पोलीस आणि दादा यांच्याखेरीज सरकार म्हणून दुसरे काही नाही, हे दाखविले. त्यांच्या लेखनावर ‘पत्रकारी कादंबरी’ असा शिक्का मारणाऱ्या समीक्षेनेही थोडे थांबून विचार करावयास हवा. माहितीची अचूकता हा कादंबरीचा दोष कसा ठरतो? ज्या समाजात १९२३च्या शासकीय गोपनीयता कायद्याच्या आडोशाला साधी नस्तीही नागरिकाला पाहता येत नव्हती, त्या समाजात सत्तेच्या अंतरंगाची खात्रीलायक माहिती हीच मोठी नैतिक गोष्ट होती.

७

हा अनुभव केवळ मराठीचा नाही. अप्टन सिंक्लेअरच्या ‘द जंगल’ने १९०६ साली शिकागोच्या मांस कारखान्यांचे वर्णन केले आणि त्याच वर्षी अमेरिकेत अन्नशुद्धतेचा कायदा झाला, जॉर्ज ऑर्वेलच्या १९४९ सालच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ने पाळत ठेवणाऱ्या राज्यसंस्थेविषयी जगभराला एक परिभाषा दिली, हिंदीत श्रीलाल शुक्लांच्या ‘राग दरबारी’ने १९६८ साली आणि मन्नू भंडारींच्या ‘महाभोज’ने १९७९ साली स्वातंत्र्योत्तर सत्तेचा गावपातळीवरचा कारभार उघडा केला. सिंक्लेअरच्या कादंबरीमागोमाग कायदा आला, ऑर्वेलच्या मागोमाग शब्द आले. साधूंच्या मागोमाग बातमी वाचण्याची एक रीत आली. मराठीतही विश्वास पाटलांच्या ‘झाडाझडती’ने धरणग्रस्तांच्या बाजूने आणि रंगनाथ पठारेंच्या ‘ताम्रपट’ने सहकार व शिक्षणसंस्थांच्या अंगाने सत्तेचा पुढचा तपास केला, आणि त्यासाठी लागणारा धीट वाचक त्यांना साधूंनी घडवून दिला होता.

पुढील प्रकरणांत प्रथम ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ यांतील सत्तेची रचना तपशीलवार उलगडली आहे, नंतर चित्रपटाने तिच्यात केलेले बदल तपासले आहेत, आणि अखेरीस उपनगरांतील वाचनसंस्था, कामगारवस्त्या व नागरी चळवळी यांच्याशी तिचे नाते जोडून पाहिले आहे. या मांडणीमागे एक ठाम भूमिका आहे. महाराष्ट्रात २००२ साली आणि देशात २००५ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा आल्यानंतर, दहा रुपयांचा अर्ज करून कोणताही नागरिक नस्तीवरची टिपणी मागू शकतो. जे पूर्वी कादंबरीकारालाच दाखवता येत होते ते आता बोरिवलीच्या गृहनिर्माण संस्थेच्या चिटणिसालाही बऱ्याच अंशी पाहता येते. अशा काळात साधूंच्या कादंबऱ्या पुन्हा वाचायच्या त्या गतकाळाची करमणूक म्हणून नव्हे. नस्ती कशी चालते, गट कसा जमतो, भाव कोण ठरवतो हे त्यांनी समजावून दिले. त्या समजुतीचा उपयोग करून वॉर्डाच्या कचेरीपासून मंत्रालयापर्यंत प्रश्न विचारणे हे वाचकाचे काम आहे, आणि ते त्याने केले तरच दिगू टिपणिसाला जे कळले होते त्याला सार्वजनिक मोल येईल.